महिला सभेत जीआर समजावून सांगायचाय. लोकांचं नीट ऐकणं, कागद वाचणं, ग्रुपवरचं खरं-खोटं ओळखणं, हे सगळं कसं जमवता तुम्ही?

नवी_सदस्या:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय इथे, सांभाळून घ्या. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. बीकॉम झालेय, माहेरी दुकानाचे हिशोब बघायचे, त्यामुळे वाचायला-लिहायला आपल्याला येतं असं समजून होते. महिला सभा तोंडावर आलीय आणि सरपंच म्हणाले ताई तुम्ही शिकलेल्या, घरकुलाचं आणि लाडक्या बहिणीचं तुम्हीच समजावून सांगा बायकांना. झालं, मी हो म्हणून बसले.

आता अडचण ऐका. एक तर सभेत सगळ्या एकदम बोलतात, एकीचं घरकुल, दुसरीची गटार, तिसरी सासूवरच घसरते, मी मान हलवत ऐकते पण घरी येऊन वहीत लिहायला बसलं की कुणाला नक्की काय हवं होतं ते हाताला लागत नाही. दुसरं म्हणजे जीआर, म्हणजे शासन निर्णय. भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, पीडीएफ पाठवलं, पहिली दोन पानं वाचली तर नुसतं अन्वये, याद्वारे, विहित, अनुज्ञेय... वाक्य सुरू होतं ते पान उलटल्यावर संपतं आणि तोवर सुरुवात विसरलेली असते. आणि तिसरं, ग्रुपवर रोज काहीतरी येतं, घरकुलाची नवी यादी आली या लिंकवर नाव बघा, हप्ता बंद होणार आजच फॉर्म भरा, आणि बायका मलाच फोन करून विचारतात की हे खरं का गं. मी काय सांगू, मला तरी कुठे माहीत असतं.

यशदाचं (सरकारची प्रशिक्षण संस्था) ट्रेनिंग झालं आमचं पण त्यात योजनांची नावंच जास्त होती. कागद वाचायचा कसा, माणसाचं ऐकायचं कसं, हे कुणी सांगत नाही. तुमच्यापैकी कुणी पंचायतीत, शाळेत, बचत गटात काम केलं असेल तर सांगा ना. पुस्तकी नको, तुम्ही स्वतः काय करता ते सांगा.

जुना_विस्तार_अधिकारी:

ताई, नोकरीची सगळी वर्षं पंचायत समितीत गेली, जीआर वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढला, तेव्हा दुसरा मुद्दा माझ्याकडे द्या. बाकीचे दोन इतर मंडळी बघतील.

पहिली गोष्ट, जीआर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला बसू नका. कुणीच वाचत नाही तसा, मंत्रालयातले पण नाही. जीआरचा सांगाडा ठरलेला असतो. वर विषय, मग विभागाचं नाव, क्रमांक, तारीख, मग "वाचा" म्हणून आधीच्या जीआरची यादी, मग प्रस्तावना, मग "शासन निर्णय" असं मधोमध लिहिलेलं, त्याखाली मुद्दे, शेवटी परिशिष्ट आणि प्रत कुणाकुणाला ती यादी. तुम्ही विषय आणि तारीख बघायची आणि थेट "शासन निर्णय" या शब्दांवर उडी मारायची. प्रस्तावनेत सरकार किती चांगलं काम करतंय ते असतं, ती सावकाश वाचा नाहीतर वाचू पण नका.

पण "वाचा" ची यादी सोडू नका, लोक नेमकी तीच सोडतात. तुमच्या हातात आहे तो पहिला जीआर की सुधारणा, हे त्या यादीवरून कळतं. लाडकी बहीणचंच घ्या. पहिला जीआर २८ जून २०२४ चा, त्यात वयाची वरची मर्यादा ६०, पाच एकरांपेक्षा जास्त शेती असेल तर अपात्र, अर्जाची मुदत १५ जुलै. आणि लगेच ३ जुलैला दुसरा जीआर आला, वय ६५, शेतीची अट काढून टाकली, मुदत ३१ ऑगस्ट. आठवडाभरही गेला नव्हता मधे. आता ज्याच्या मोबाईलमध्ये २८ जूनचं पीडीएफ होतं तो छातीठोकपणे सांगत होता की तुमची सहा एकर आहे तुम्हाला मिळणार नाही, आणि कागद दाखवत होता, कागद खरा, सही खरी, तरी सांगतोय ते चुकीचं. त्या योजनेत त्यानंतरही बदल होत गेलेत, म्हणून सभेच्या आदल्या दिवशी शासनाच्या साइटवर त्या विभागाचे अलीकडचे जीआर एकदा चाळायचेच.

आणि शुद्धिपत्रक नावाचा प्रकार असतो, एक-दीड पानाचा. त्यात फक्त बदललेल्या ओळी असतात, "अमुक ऐवजी तमुक असे वाचावे". ते एकटं वाचून काही कळत नाही. मूळ जीआरची प्रिंट काढा, शुद्धिपत्रक शेजारी ठेवा, मूळ ओळ पेनाने खोडा आणि वर नवी लिहा. मी शेवटपर्यंत असंच करत होतो, संगणक आले तरी.

मुद्दे वाचताना तीन शब्दांवर पेन्सिल ठेवा. "व", "किंवा" आणि "तथापि". पाच कागद मागितलेत आणि मधे "व" आहे तर पाचही लागणार, "किंवा" आहे तर एकावर भागतं. बाई बिचारी डोमिसाइलसाठी, म्हणजे अधिवासाच्या दाखल्यासाठी, तहसीलला हेलपाटे घालते आणि जीआरमध्ये लिहिलेलं असतं की ते नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल. आणि "तथापि" आला की समजायचं आता अपवाद येतोय, खरी गंमत तिथेच असते.

अनुज्ञेय वगैरेला घाबरू नका. अनुज्ञेय म्हणजे मिळू शकतं, विहित म्हणजे ठरवून दिलेलं, अधिक्रमित म्हणजे जुनं रद्द. दहा-पंधरा शब्द आहेत तेच ते, महिनाभरात तोंडात बसतील.

उगाच_शहाणा:

काका सगळं मान्य पण मला एक सांगा, हे असं कोडं सोडवल्यासारखं वाचायची वेळ सदस्यांवर का यावी. राजभाषा अधिनियम १९६४ चा, म्हणजे मराठीत कारभार सुरू होऊन साठ वर्षं होऊन गेली, आणि अजून आपल्याला मराठी माणसाला मराठी कागद समजावून सांगायला माणूस लागतो. ताईंनी वाचायला शिकावं म्हणण्यापेक्षा लिहिणाऱ्यांनी लिहायला शिकावं ना. "सदर बाब शासनाच्या विचाराधीन होती" म्हणे. कोण बोलतं असं घरी.

जुना_विस्तार_अधिकारी:

शहाणे भाऊ, तुमचं खरं आहे, पण थोडं अर्धं. काही शब्द उगाच जड आहेत, ते बदलायलाच पाहिजेत. पण काही जड शब्द कोर्टासाठी असतात. "पात्र ठरेल" आणि "पात्र ठरू शकेल" यात फरक आहे आणि उद्या कुणी केस टाकली तर त्या एका शब्दावर निकाल लागतो. आणि समजा उद्या सगळं सोपं झालं तरी ताईंची सभा त्याच्या आधी आहे.

उगाच_शहाणा:

हा, ते आहेच 😄 पण प्रत्येक जीआरला एक पानाचा गोषवारा जोडायला काय जातं यांचं, एवढंच म्हणणं आहे माझं. काही विभाग करतात तसं, सगळ्यांनी करा.

गुरुजी_बीड:

ताई, मी जिल्हा परिषदेचा मास्तर, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका घेऊन घेऊन केस पांढरे झालेत. ऐकायचं मी सांगतो.

आपल्याकडं माणूस पहिल्या वाक्यात खरं दुखणं सांगतच नाही. पहिलं वाक्य रागाचं असतं, दुसऱ्यात कुणाचं तरी नाव घेतलं जातं, आणि तिसऱ्या-चौथ्याला मुद्दा येतो. आपण काय करायलोत, पहिल्याच वाक्याला उत्तर द्यायलोत. मग तिचं तोंड बंद आणि आपल्याला वाटतं प्रश्न मिटला. काही मिटत नसतं, बाहेर जाऊन चौपट बोलते.

आमच्या गावच्या सभेतलं सांगतो, मी कोपऱ्यात बसलो होतो. एक मावशी उठल्या, "माझं नाव कापलंय, मुद्दाम कापलंय, तुमच्या पार्टीला मत दिलं नाही मनून कापलंय." झालं, दोन्ही पार्ट्यावाले उभे, निवडणूक सुरू तिथंच. आमच्या अंगणवाडीच्या ताई लई हुशार, त्या मावशीच्या शेजारी जाऊन बसल्या आणि हळूच विचारलं, मावशी कुठल्या यादीतून कापलं? "त्या पंधराशेच्या." बरं, कापलं असं कुणी सांगितलं? "सांगायला कशाला पाहिजे, सगळ्यांचे आले, माझे आले नाहीत." बँकेत खातं एकच हाय का? "एक हाय की, हे बघा पासबुक." आणि आधी कधी दुसरं होतं का? मावशी थांबल्या जरा. "गटाचं काढलं होतं तवा एक काढलं होतं, त्याचं पुस्तक घावत नाही."

नाव कापलेलं नव्हतंच. आधार त्या जुन्या खात्याला जोडलेलं होतं आणि पैसे तिकडं जमा होऊन पडले होते. सरकारचा थेट हप्ता आधारवरून जातो, आणि आधार एका वेळी एकाच बँकेशी त्यासाठी जोडलेलं राहतं, तुम्ही फॉर्मवर कुठलं का खातं लिहा. आता त्या सभेत पात्रतेचा जीआर वाचून दाखवला असता, एकदम बरोबर वाचला असता, तरी मावशीला त्याचा काय उपयोग? तिला बँकेत जायला सांगणारा माणूस पाहिजे होता.

मनून मी काय करतो, उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं माझ्या शब्दात त्यालाच परत सांगतो. "म्हणजे मावशी, तुमचं म्हणणं असं की अर्ज मंजूर झाला पण पैसे एकदाही आले नाहीत, असंच ना?" ती हो म्हणाली तर पुढं जायचं, नाही म्हणाली तर आणखी चांगलं, तीच दुरुस्त करून सांगते. आणि विचारताना "का" नं सुरू करू नका. "का नाही गेलात बँकेत" म्हणलं की माणूस बचावाला लागतो. "काय झालं, कधी झालं, कुणी सांगितलं, कागद कुठला दिला" असं विचारा.

वहीचं म्हणाल तर पानाच्या मधे रेघ मारा. डावीकडं ती बोलली तेच शब्द, जसेच्या तसे, शुद्ध करायच्या भानगडीत पडू नका. उजवीकडं तिला नक्की काय पाहिजे ते एका ओळीत. उजवी बाजू भरता येईना तर समजायचं आपण अजून ऐकलेलं नाही, परत विचारायचं. आणि सगळ्या एकदम बोलायल्या तर गप करायच्या भानगडीत पडू नका, गल्लीवार नाहीतर गटवार बसवा, प्रत्येक घोळक्यातून एकीनं सांगायचं, बाकीच्यांनी भर घालायची. मागं भिंतीला टेकून बसलेल्या असतात ना, ज्या बोलतच नाहीत, त्यांच्याकडं सभा संपल्यावर चपला घालायच्या वेळी जा. निम्मे प्रश्न तिथं कळतात.

घरकुलात तर हे फारच लागतं. "ड यादीत (घरकुलाच्या प्रतीक्षा यादीत) नाव हाय पण घरकुल नाही" या एका वाक्याचे तीन-चार अर्थ निघतात. नाव प्रतीक्षा यादीत आहे पण नंबर लागला नाही, नाहीतर नंबर लागला पण तपासणीत अपात्र झालं, नाहीतर मंजूर आहे पण जागा नावावर नाही, नाहीतर पहिला हप्ता आला, जोत्यापर्यंत बांधकाम झालं आणि फोटो काढायला कुणी आलं नाही मनून दुसरा अडकला. प्रत्येकीचा टेबल वेगळा, साहेब वेगळा. सरसकट उत्तर देऊ नका.

तालुका_वार्ताहर:

तिसरा मुद्दा आपला. तालुक्याच्या गावी बातमीदारी करतो, रोज सकाळी पहिलं काम ग्रुपवर आलेलं खरं की खोटं ते बघणं.

आधी एक सांगतो म्हणजे हा नुसता टाइमपासचा विषय नाही हे लक्षात येईल. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज कितीतरी दिवस फिरत होते, आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. ग्रामपंचायतीच्याच खोलीत. मंगळवेढ्याकडची माणसं होती ती, कुणाचं पोर पळवलेलं नव्हतं. त्या काळात देशभर जो व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवरून मूल उचलून नेतात तो, तो मुळात कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला आणि बाकीचं फिरवलं. व्हिडिओ "खरा"च होता म्हणजे, फक्त इथला नव्हता आणि पुरा नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली.

त्यामुळे मी मेसेज आला की खरा का खोटा हे विचारतच नाही पहिल्यांदा, कुठला आणि कधीचा ते विचारतो. जुना फोटो, दुसऱ्या राज्यातला जीआर, तीन वर्षांपूर्वीची मुदत, आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त भानगडी याच असतात. साफ खोटं रचणारे त्या मानाने कमी. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाका, आधी कुठे आलाय ते बऱ्याचदा सापडतं. मेसेजवर दोन बाण दिसले म्हणजे तो खूप हात फिरून आलाय, पाठवणाऱ्याने लिहिलेला नाही, त्यामुळे "आमच्या भावजींनी पाठवलंय, ते तलाठी आहेत" याला काही अर्थ नाही.

जीआर म्हणून पीडीएफ आलं तर शेवटच्या पानावर जा. तिथे एक वाक्य असतं की सदर शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो लांबलचक आकडा कॉपी करून शासनाच्या साइटवर शोधायचा. साधारण पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तेही तारखेशी जुळवून बघा. सापडला तर तोच वाचा, ग्रुपवरचा नको, कारण मधलं पान गायब असलेली पीडीएफं मी पाहिलीत. साइटवर सापडला नाही तर "मला अजून सापडला नाही" एवढंच सांगा. खोटा आहे असं पण लगेच म्हणू नका, कधीकधी चढवायला उशीर होतो.

केंद्राच्या योजनेचं असेल तर पीआयबी (केंद्र सरकारचं माहिती कार्यालय) फॅक्ट चेक बघा, पण ते केंद्र सरकारपुरतंच बोलतात, राज्याच्या योजनेचं तिथे शोधत बसू नका. राज्याचं जिल्हा माहिती कार्यालयाकडे विचारता येतं, नाहीतर सरळ ज्या खात्याची योजना आहे त्याच्या तालुक्याच्या ऑफिसात फोन.

लिंकचं मात्र कडक धोरण ठेवा. सरकारी साइटचा पत्ता जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन वर संपतो, आणि "संपतो" हे महत्त्वाचं, मधे कुठेतरी जीओव्ही लिहिलेलं असून शेवटी डॉट कॉम असेल तर हात लावायचा नाही. आणि पीएम किसानच्या नावाने एपीके फाइल फिरतात ना, ती यादी-बिदी काही नसते, ते ॲप असतं, टाकलं की फोनमधले ओटीपी दुसरीकडे जातात आणि खातं रिकामं. बायकांना दुसरं काही सांगितलं नाही तरी हे सांगा. शेवटी एपीके लिहिलेलं काहीही उघडायचं नाही, भावाने पाठवलं तरी नाही.

आणि एक राहिलं. "खरं का माहीत नाही, पण काळजी घ्या" असं लिहून पुढे पाठवणारे सगळ्यात डेंजर. माहीत नाही तर कशाला पाठवता राव.

कोरडवाहू_वर्धा:

वार्ताहर भाऊ बरोबर बोलले, पण राजेहो, खरा कागद असून बी माणूस चुकीचा वाचते त्याचं काय. आमच्याकडे पावसाच्या अंदाजाचं असंच होते. हवामान खातं लिहिते "तुरळक ठिकाणी मुसळधार". गावात काय पोचते? "मुसळधार". तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर. काही ठिकाणी म्हणजे पन्नासपर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. म्हणजे चारातल्या तीन गावात पडणारच नाही असं बी तोच अंदाज सांगून राह्यला. पण आपण एकच शब्द ऐकतो, आपल्याला पाहिजे तो, अन मग पाऊस नाही आला की हवामान खात्याच्या नावानं शिमगा.

तसंच ते ऑरेंज अलर्टचं. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. पावसाचं माप नाही ते सरळ, काय करायचं त्याची सूचना आहे. अन एप्रिलमधी तो दीर्घकालीन अंदाज येते, सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य. ते पूर्ण देशाचं, चारही महिन्यांचं मिळून, ज्याची सरासरी ८७ सेंटिमीटर धरतात. आमच्या शिवारात जूनमधी काय होईल ते त्यात नसतेच. तरी टीव्हीवर "यंदा पाऊस चांगला" ऐकून पेरणी करणारे हायेत, अन कृषी खातं ओरडून राह्यलं की ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका.

मी काय करतो, मंगळवारी अन शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येते, तो बचत गटाच्या ग्रुपवर टाकताना पहिले तारीख लिहितो, मग आपला जिल्हा, मग तो शब्द जसाच्या तसा, "तुरळक ठिकाणी" तर "तुरळक ठिकाणी"च. माझं मत खाली वेगळं लिहितो, "मला वाटते" म्हणून. ताई, तुम्ही सभेत बोलताना बी असंच करा. कागदात काय आहे ते वेगळं सांगा अन तुम्हाला काय वाटते ते वेगळं. लोकं दोन्ही ऐकतात, पण मिसळून दिलं की उद्या म्हणतात मॅडमनं वचन दिलं होतं.

नवी_सदस्या:

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून दोनदा वाचून काढलं.

काकांनी सांगितल्यासारखं पीडीएफ घेऊन बसले. "शासन निर्णय" वर उडी मारली तर वाचायची खरी पानं अडीचच निघाली, बाकी प्रस्तावना आणि प्रती. आणि "वाचा" मध्ये पाच जुने जीआर आहेत, ते भाऊसाहेबांकडे मागितलेत, ते जरा चमकले माझ्याकडे बघून 😀

गुरुजी, रेघ मारायचं आजच करून बघितलं, दोघीजणी पाण्याच्या टाकीचं सांगायला आल्या होत्या. डावी बाजू भरली पानभर आणि उजवीकडे लिहायला गेले तर कळलं की एकीला पाणी कमी येतं हे सांगायचंच नव्हतं, तिला पाणी सोडायची वेळ बदलून हवीय, कारण ती सकाळी द्राक्षाच्या बागेत कामाला जाते. मी नेहमीसारखं टाकीच्या ठरावाचं सांगत सुटले असते.

आता अजून दोन शंका. सभेत बोलताना जीआर वाचून दाखवू की आपल्या शब्दात सांगू? वाचून दाखवला तर बायका उठून जातात, आपल्या शब्दात सांगितलं तर कुणीतरी म्हणतं कशावरून. आणि सभेचं प्रोसिडिंग भाऊसाहेब लिहितात, त्यात आम्ही बोललेलं बऱ्याचदा येतच नाही, "सविस्तर चर्चा झाली" एवढंच असतं.

गुरुजी_बीड:

आपल्या शब्दात सांगा, पण मुद्द्याचा नंबर तोंडानं म्हणा. "हे तिसऱ्या मुद्द्यात लिहिलंय, पान दोन, कुणाला बघायचं तर कागद इथं टेबलावर ठेवलाय." एवढं म्हणलं की कशावरून विचारणारा गप बसतो, आणि खरंच बघायचं असलं तर बघतो, दोन्ही चांगलंच. आणि सभेच्या आधी घरी कुणाला तरी सांगून बघा, सासूबाईंना सांगा. त्यांनी ऐकून परत तुम्हाला सांगायचं. त्या जे गाळतील ते तुम्ही नीट सांगितलेलं नाही, त्यांच्या डोक्याचा दोष नाही.

दवंडी किंवा भोंग्यावर सांगायचं असेल तर मात्र एका वेळी एकच गोष्ट. काय, शेवटची तारीख, कुठले कागद, कुणाला भेटायचं. पाचवं वाक्य कुणी ऐकत नाही, पोळ्या लाटता लाटता ऐकतात बाया.

जुना_विस्तार_अधिकारी:

प्रोसिडिंगचं मी सांगतो. इतिवृत्त सभा संपायच्या आधी वाचून दाखवा असा आग्रह धरा, नंतर नाही, माणसं बसलेली असतानाच. ठरावाला सूचक कोण अनुमोदक कोण ते नाव घेऊन लिहायला सांगा. "सविस्तर चर्चा झाली" दिसलं की तिथेच म्हणायचं, भाऊसाहेब, काय चर्चा झाली ते दोन ओळीत लिहा, माझ्या वहीत आहे, मी सांगते. वही समोर असली की कुणी वाद घालत नाही. आणि महिला सभेचे ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडायचे असतात, तेव्हा त्याची प्रत तुमच्याकडे ठेवा, नाहीतर ग्रामसभेत विषयच येत नाही.

ग्रामसभेला गणपूर्ती, म्हणजे कमीत कमी हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी ते, हेही लक्षात ठेवा. पुरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. काही ठिकाणी मुद्दाम पहिली सभा तहकूब होऊ देतात आणि दुसऱ्या दिवशी चार टाळकी बसून ठराव करतात. त्यामुळे बायकांना सांगताना "सभेला या" एवढंच नका सांगू, तहकूब झाली तर पुढची कधी ते बोर्डावर बघा हेही सांगा.

आणि जुनं रेकॉर्ड कुणी दाखवत नसेल तर माहिती अधिकारात साधा अर्ज, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण तुम्ही सदस्य आहात, आधी तोंडी मागा, मग लेखी मागा. माहिती अधिकार शेवटी. गावात राहायचंय अजून.

उगाच_शहाणा:

काका, हे शेवटचं वाक्य जीआरमध्ये टाकायला पाहिजे 😂

नवी_सदस्या:

😂 खरंच. बरं, सासूबाईंना लाडक्या बहिणीचं सांगून झालं. सगळं बरोबर परत सांगितलं त्यांनी, फक्त आधार एकाच बँकेशी जोडलेलं असतं ते सुटलं, म्हणजे ते मला नीट सांगावं लागणार. उद्या बँक मित्र येतोय गावात, त्यालाच विचारते की कुणाचं आधार कुठल्या खात्याला आहे ते सभेच्या दिवशी तिथल्या तिथे बघून देईल का. आणि एक माइक मागितलाय भाऊसाहेबांकडे, म्हणाले स्वातंत्र्यदिनाचा आहे, तुमच्या सभेला बघू. वार्ताहर दादा, ते एपीकेचं मराठीत चार ओळीत लिहून द्याल का, प्रिंट काढून रेशन दुकानाबाहेर लावते.

तालुका_वार्ताहर:

देतो की, रात्री टाकतो इथेच. अक्षर मोठं ठेवा प्रिंटचं, आणि खाली तारीख टाकायला विसरू नका.